तिसऱ्या गाण्याचा घोळ

८ जुलै, मंगळवार. दुपारी २.

त्या सकाळी कॉफी झाली होती, कोंबड्यांना दाणे टाकून झाले होते, राय धान्याच्या पावाचं पीठ भिजवून झाकून ठेवलं होतं, आणि मी तळ्याच्या धक्क्यावर गुडघे टेकून चिंध्यांच्या सतरंज्या घासत होते. चार होत्या. पाइनच्या साबणाचा फेस पाण्यावर लांब गेला होता. माझा नवरा आर्मास धक्क्याच्या टोकाला येऊन उभा राहिला. दाढी केलेली, पांढरा शर्ट घातलेला, सकाळी साडेआठला. म्हणाला, "लेम्पी, आज मांडवावर चांगला ऑर्केस्ट्रा आहे. नाचायला जाऊ या?" मी म्हटलं, "तुला डोळे आहेत ना? दोन सतरंज्या खळबळायच्या राहिल्यात. पुढच्या शनिवारी." तो म्हणाला, "बरं. पुढच्या शनिवारी."

गुरुवारी तो गवताच्या गाडीला टेकून बसला आणि पुन्हा उठलाच नाही.

दोन वर्षं झाली. मी या गोष्टीचा विचार करत नाही. ही गोष्ट कुणाला सांगितलेलीही नाही, कारण तीत सांगण्यासारखं काही नाही. आज तारीख तीच म्हणून टिपून ठेवली.

नाच मी सोडला तो गुडघ्यांमुळे. गावात सगळ्यांना हे माहीत आहे. मे महिन्यात छपरावर चढून शेवाळ खरवडलं तेव्हा गुडघे दुखले नाहीत, पण ते कामाचं दुखणं वेगळं आणि नाचाचं वेगळं.

संकल्प: फिरत्या वाचनालयाच्या बसमधून बायझंटाइन साम्राज्याचा इतिहास आणलाय. सातशे बारा पानं. बस परत यायला सोळा दिवस. रोज पंचेचाळीस पानं म्हणजे होऊन जाईल. सातवीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण बसचा ड्रायव्हर म्हणतो की या रस्त्यावर माझ्याइतकं कुणी वाचत नाही. या रस्त्यावर सहा घरं आहेत.

आज वाचलेली पानं: ४५. बरोब्बर.


९ जुलै, बुधवार. सकाळी ९:१०.

मैत्रीण तेलेर्वो अंगणात. गाडीमागे तिच्या भावाची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच. म्हणाली, "दहा मिनिटांत निघायचंय. सेइनायोकीला तांगो नाचाचा महोत्सव आहे. रविवारपर्यंत."

मी म्हटलं, मी नाचत नाही. ती म्हणाली, "तुला कोण नाचवतंय बाई? मला सोबत हवीय."

बिचारी. दोन नवरे सोडले, दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही. एकटीने कुठे जायचं म्हणजे तिला अवघडच. स्पेनला ती चारदा एकटी गेली ती गोष्ट वेगळी, तिथे ऊन असतं.

तर मी जातेय ती तिच्यासाठी. मी मुळात मनात आलं की निघणारी बाई आहे, लोकांना ते माहीत नाही एवढंच.

११:२५. निघालो. फ्रीझर एकदा पाहायचा होता. पडदे काढून भिजत घातले. कोंबड्यांचं शेजारी सांगितलं, मग शेजारणीला नीट कळलं का ते पाहायला परत गेले. तेलेर्वो सगळा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. प्रवासाआधी विश्रांती घेते बहुतेक.

ठरवलं: नाचायचं नाही. ग्रिलवरचा सॉसेज खायचा नाही, रात्रभर पोटात बोलतो. रोज पंचेचाळीस पानं. तेलेर्वोवर नजर ठेवायची, कारण पुरुषांच्या बाबतीत तिला अक्कल नाही.

संध्याकाळी ५. पोचलो. तेलेर्वोने तीस वर्षं टपाल वाटलं. अजूनही रस्त्याकडेला कुणाच्या घराची टपालपेटी दिसली की तिची गाडी आपोआप हळू होते आणि कडेला सरकते. एकशे चाळीस किलोमीटरमध्ये टपालपेट्या किती असतात हे मला आता माहीत आहे.

पानं: २. गाडीत वाचलं की मळमळतं.


१० जुलै, गुरुवार. रात्री जेवणानंतर.

कॅरॅव्हॅनतळावर चहूबाजूंनी आमच्याच वयाची माणसं. सगळे सकाळी आपापल्या दाराशी खुर्ची टाकून कॉफी घेतात आणि एकमेकांकडे पाहत नाहीत. मन प्रसन्न झालं.

दुपारी मोठ्या मांडवाकडे. मी कुंपणाबाहेर उभी राहिले. आतलं सगळं तसंच. या भिंतीला पुरुष, त्या भिंतीला बायका, मधे मेण लावलेली फळ्यांची जमीन. वर पाटी. तिच्यावर कधी पेटतं 'पुरुषांनी विचारायचं', कधी 'बायकांनी विचारायचं'. ज्याने विचारलं त्याच्याबरोबर दोन गाणी, मग त्याने जागेवर आणून पोचवायचं, आभार मानायचे, संपलं. नाही म्हणायचं नाही. एक गाणं नाचून सोडलं तर अपमान. आणि तिसऱ्या गाण्याला धरून ठेवलं, तर त्याचा अर्थ सगळ्या मांडवाला कळतो. माझ्या मावशीचं लग्न तिसऱ्या गाण्याने झालं. ती ते गाणं पुढे चाळीस वर्षं ऐकू द्यायची नाही.

गाण्यांबद्दल न बोललेलं बरं. आमचे पुरुष वर्षाकाठी अकरा वाक्यं बोलतात, त्यांतली सहा हवामानावर. तांगो लागला की तेच सगळे विरहाने व्याकूळ. दीड तासात मी चौदा ताटातुटी, पाच शरद ऋतू आणि न आलेली दोन पत्रं मोजली. तेलेर्वोला म्हटलं, पत्रं तूच पोचवली नसशील. तिला हसू आवरेना. शेजारचा एक जण वळून पाहायला लागला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गेला.

तेलेर्वोला आठ जणांनी विचारलं. मी एकेकाचा चेहरा लक्षात ठेवला आहे.

रात्री वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक; आमच्याकडे दर गुरुवारी तेच असतं. सॉसेज खाल्ला नाही. फक्त तेलेर्वोचा अर्धा, वाया जात होता.

पानं: ७. बायझंटाइनवाले एकमेकांचे डोळे काढतात. रविवारी घरी जाऊन एकदम वाचीन.


११ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ७.

आज जे घडलं ते शांतपणे लिहायला हवं.

ऊन कडक होतं. सावली फक्त मांडवात, आणि बसायला बाक फक्त बायकांच्या भिंतीला. म्हणून मी तिथे बसले. हातात पुस्तक, म्हणजे कुणालाही कळेल की ही बाई नाचायला आलेली नाही. शेजारी एक गोरीगोमटी बाई मोजा विणत बसली होती. पायाशी कुबडी. मला बरं वाटलं. आम्ही दोघी तिथे कामाने बसलेल्या दिसत होतो.

आणि एक माणूस सरळ जमीन ओलांडून माझ्यासमोर आला. तपकिरी कोट, सत्तरीचा, कान जरा मोठे. वाकला. मी पुस्तक दाखवलं. तो आणखी वाकला. नाही म्हणणं असभ्य, आणि मी असभ्य नाही. उठले.

नोंद: माणूस बरा नाचतो. डाव्या पायावर जरा भार देतो. पाठीवरचा हात जिथे असायला हवा तिथेच होता. मी विचारलं, कुठल्या गावचे? त्याने नुसतं हसून मान डोलावली. पुन्हा विचारलं. पुन्हा हसला. स्वतःच्या गावाचं नाव सांगता येऊ नये इतका भांबावलेला पुरुष मी पहिल्यांदा पाहिला.

दोन गाणी झाली. ऑर्केस्ट्रा थांबला. बाकीच्या जोड्या सुटल्या, बायका बाकांकडे निघाल्या. त्याने हात सोडला नाही. तिथेच, मांडवाच्या मध्यावर, तो मला धरून उभा, हळूहळू डुलत. आणि तिसरं गाणं सुरू झालं.

तिसरं.

मी सगळीकडे पाहिलं. सगळे आमच्याकडे पाहत होते, म्हणजे कुणीही पाहत नव्हतं, आपल्या लोकांत पाहायची तीच पद्धत. तेलेर्वो दारात सॉसेज तोंडापाशी धरून उभी होती.

मग त्याने मला जागेवर पोचवलं, वाकला, गेला. विणणारी बाई म्हणाली, "तीन झाली." मी म्हटलं, "मला माहीत आहे." ती म्हणाली, "मी मोजत होते."

कॅरॅव्हॅनमध्ये तेलेर्वोला स्पष्ट सांगितलं की यात हसण्यासारखं काही नाही. एका माणसाच्या भावनेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "आणि तुझे गुडघे?" मी म्हटलं, धक्का बसला की दुखणं जाणवत नाही. वैद्यकशास्त्रात आहे.

पानं: ०.


१२ जुलै, शनिवार. दुपारी ४.

रात्री झोप नाही. त्याला नाही म्हणावं लागणार. पण माणूस मोडून पडता कामा नये. तपकिरी कोटवाल्यांना आतून फार लागतं.

पहिला मसुदा: "आपल्या भावनेचा मी आदर करते, पण माझं मन दिवंगत पतीपाशी आहे." तेलेर्वोला वाचून दाखवला. म्हणाली, "हे बँकेचं पत्र आहे."

दुसरा: "या जन्मी नाही." म्हणाली, "अगं, त्याने पाणी तरी मागितलं का तुझ्याकडे? तू कुठली गं राणी?" तेलेर्वोला हेवा वाटतोय. आठ जणांनी विचारलं, तिसऱ्या गाण्याला एकानेही धरलं नाही. स्वाभाविक आहे. मी मनावर घेतलं नाही.

तिसरा मसुदा मात्र चांगला झाला. तीन परिच्छेद. मधल्यात बायझंटाइनची एक विधवा राणी घातली. तेलेर्वो ऐकतच नव्हती.

पुरावे साठत चाललेत. सकाळी कॉफीच्या रांगेत तो माझ्यामागे दोन माणसं सोडून. मला पाहून म्हणाला, "ऊन आहे." एवढंच. पण कसं म्हणाला! दुपारी तळलेल्या माशांच्या गाडीपाशी पुन्हा दिसला. मी म्हटलं, "हो, आहे ऊन." त्याने उत्तरच दिलं नाही, नुसता माशाकडे पाहत राहिला. मनात काहूर असल्याशिवाय माणूस माशाकडे असा पाहत नाही.

मांडवात विणणारी बाई पुन्हा शेजारी. स्वभावाने मोकळी. तिला म्हटलं, एका माणसाला नाही म्हणायची पाळी आलीय, फार वाईट वाटतंय. कोण विचारलं तिने. मी डोळ्यांनी तपकिरी कोट दाखवला. तिने सुया थांबवल्या, नीट पाहिलं, म्हणाली, "बिचारा." मग विचारलं, "खरंच नाही म्हणणार?" मी म्हटलं, गेल्या माणसाशी इमान ठेवायला हवं. ती म्हणाली, "मग उद्या चार वाजता सांगा. आज त्याचं पोट बरं नाही."

त्याचं पोट हिला कसं माहीत, हे विचारायचं राहिलं. पण किती समजूतदार बाई.

आज मी नाचले नाही. फक्त दोघांबरोबर, त्यांनी विचारलं म्हणून. चार गाणी.


१३ जुलै, रविवार. संध्याकाळी ६.

कॅरॅव्हॅन जोडून झाली. तेलेर्वो पाणी भरतेय. तेवढ्यात लिहून टाकते.

निळा ड्रेस घातला, कारण नकार देताना माणूस नीटनेटका असावा. चार वाजता मांडवात गेले. तो समोरच्या भिंतीशी, पुरुषांत. मी भाषणाचा तिसरा परिच्छेद मनात म्हणत सरळ जमीन ओलांडायला लागले. अर्ध्यात गेल्यावर लक्षात आलं की आजूबाजूने आणखी वीस बायका त्याच दिशेने चालल्यात. वर पाहिलं. पाटी पेटलेली: 'बायकांनी विचारायचं'.

मागे वळणं शक्य नव्हतं. मांडवात मधून परत फिरलेली बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही. मी पोचले. तो उठला, वाकला, हात पुढे केला. नकार द्यायला गेलेल्या बाईला होकार घेऊन परत यावं लागलं.

मग ठरवलं, नाचतानाच सांगू. अॅकॉर्डियन इतका जोरात की कानाशी तोंड न्यावं लागलं. पण बोलले अगदी हळू. पहिला परिच्छेद नीट झाला. दुसऱ्याला ती राणी आठवेना. मग जे तोंडात आलं ते बोलत गेले. म्हटलं, माझा नवरा आर्मास. म्हटलं, तो चांगला नाचायचा, तुमच्यासारखाच, पण भार उजव्या पायावर. म्हटलं, मी सतरंज्या धूत होते. चार. मग सगळंच. तो दाढी करून आला होता ते. पांढरा शर्ट. मी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही ते. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी. मी म्हटलं, हो म्हणायला मला काय झालं होतं, ओल्या सतरंज्या कुठे पळून जाणार होत्या का.

मधे एकदा ऑर्केस्ट्रा थांबल्यासारखा वाटला. मी बोलण्यात होते.

त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मधूनमधून मान डोलावत होता, अगदी योग्य जागी. इतकं ऐकणारा माणूस मला दोन वर्षांत भेटला नव्हता. मला वाटलं, याला नाही म्हणणं जरा घाईचं होतंय का.

दोन गाणी संपली. त्याने मला बाकापाशी आणलं. मग खिशातून छोटी डबी काढली, तिच्यातलं काहीतरी काढून कानात बसवलं, बोटाने दाबलं, आणि म्हणाला, "माफ करा हं. ऑर्केस्ट्राजवळ हे यंत्र शिट्टी मारतं, म्हणून मी नाचताना काढूनच ठेवतो. तुम्ही काही म्हणत होता का?"

मी म्हटलं, "जमीन फार गुळगुळीत आहे म्हणत होते."

"मेण जास्त झालंय," तो म्हणाला. मग कान लाल करून: "आणि शुक्रवारचंही माफ करा. दुसरं गाणं संपलेलं मला कळलंच नाही. पाय थांबेनात. हिने नंतर खूप झापलं."

"हिने" म्हणजे विणणारी बाई. ती बाकावरून म्हणाली, "हा आउलिस. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मीही याला नाही म्हणायला गेले होते. मी केर्त्तू. बसा बाई, कॉफी घ्या." तिच्या खुब्याचा सांधा बदललाय, पुढच्या वर्षापर्यंत नाचता येणार नाही, म्हणून ती त्याला पाठवते आणि गाणी मोजते. मी म्हटलं, काल मी तुम्हाला जे बोलले... ती म्हणाली, "छे हो. याच्यासाठी कुणी इतका विचार केलेला पाहून मलाच बरं वाटलं. घरी नेऊन सांगीन त्याला. यंत्र लावून."

असो. एक समाधान आहे. मी जे बोलले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. तो बहिरा, ऑर्केस्ट्रा कर्कश, आणि माझा आवाज मुळातच हळू.

एक नवल: पाटी पुन्हा पुरुषांवर गेली तशी एकामागून एक पाच जण मला विचारायला आले. पाचही जण. एक तर इतका म्हातारा की त्याला मीच पोचवलं जागेवर. एकानेही तोंड उघडलं नाही, पण फार जपून नाचवलं, जशी अंड्यांची टोपली. कॉफीवाल्या बाईने वेलचीचा पाव बशीत ठेवला आणि माझा हात दाबला. गायकाने लांबून मान लववली.

निळा रंग मला शोभतो हे आर्मास नेहमी म्हणायचा.

आज बारा गाणी. गुडघे: काही नाही. बायझंटाइन: पिशवीत.


१५ जुलै, मंगळवार. सकाळी ६.

परत येताना चाळीस किलोमीटर तेलेर्वो बोलली नाही. मला वाटलं, निळ्या ड्रेसचा राग. मग एका टपालपेटीपाशी गाडी हळू झाली, कडेला सरकली, आणि या वेळी थांबलीच. तिने इंजिन बंद केलं.

मी म्हटलं, "काय झालं? कुणाचं घर आहे?"

ती समोर पाहत म्हणाली, "लेम्पी, ऑर्केस्ट्रा थांबला होता."

"कधी?"

"थांबतो तेव्हाच गं. दोन गाण्यांच्या मधे. तो थांबला. तू नाही थांबलीस."

मी म्हटलं, मी हळू बोलत होते. ती म्हणाली, "तू अॅकॉर्डियनवर मात करायला ओरडत होतीस. मी दारापाशी होते, मला ऐकू आलं. सॉसेजच्या गाडीवाल्याला ऐकू आलं."

मी विचारलं, काय काय. म्हणाली, सतरंज्यांपासून पुढचं सगळं. गायकाने सुरू करायला माइक उचलला होता, तो पुन्हा खाली घेतला. वाजवणाऱ्यांकडे पाहून मान हलवली. माझं होईपर्यंत सगळे थांबले. तीनशे माणसं आपापल्या बुटांकडे पाहत उभी राहिली. मग मी "पळून जाणार होत्या का" म्हटलं, आणि गप्प झाले, आणि गायकाने हळूच दुसरं गाणं सुरू केलं.

मी म्हटलं, "आणि ते पाच जण?"

"तुला काय वाटलं? निळा ड्रेस?"

टपालपेटीवर कुणीतरी चिमणी रंगवली होती. मी ती पाहत बसले. डासांना उघडी खिडकी सापडली. तेलेर्वो म्हणाली, "दोन वर्षं तू मला गुडघे सांगितलेस."

मी म्हटलं, "तू विचारलं नाहीस."

"दर बुधवारी फाटकात हॉर्न वाजवला, लेम्पी. दर बुधवारी. मांडवावर चल म्हणून. आणि तू खिडकीतून गुडघा दाखवायचीस." मग तिने नाक शिंकरलं, टपालखात्याच्या जुन्या रुमालात, आणि मला म्हणाली, "मूर्ख बाई." मी म्हटलं, "हो." तिने ऐकलं नसल्यासारखं केलं, म्हणून दोनदा म्हणावं लागलं.

तेव्हा मला कळलं की रविवारपर्यंतची सोबत कुणाला हवी होती. फार उशिरा कळलं, पण सातवीपर्यंतच शाळा झाली असं म्हणून ते आता खपणार नाही.

घरी पोचले तेव्हा शेजारीण पडदे वाळत घालून गेली होती. मी हातपाय धुतले आणि निजले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सायकल काढून तेलेर्वोकडे गेले. ती मागच्या वाफ्यात नवे बटाटे काढत होती. तिला सांगितलं, बुधवारी सहाला ये, मी फाटकाबाहेर उभी असेन. मग टोपली ओढून घेतली आणि तिच्याबरोबर बटाटे काढायला बसले.